कुंपणामागे टाकलेले चेंडू

बेसबॉल संघांच्या वार्षिक निवडीत अडतिसाव्या फेरीत उचललेला पोरगा म्हणजे ऐन वेळी पंगतीला बसवलेला पाहुणा. वाढतात, पण आग्रह कुणी करत नाही.

कोल्बी स्ट्रँड असा पाहुणा होता. आयोवातल्या मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं आमचं गाव, तिथला हा खालच्या पायरीवरचा बेसबॉल संघ, आणि कोल्बी त्यातला राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. मी बुलपेनमधला कॅचर, म्हणजे डाव्या कुंपणामागच्या कोंडवाड्यात गुडघ्यांवर बसून राखीव पोरांचे चेंडू पकडत, सामन्यात उतरण्याआधी त्यांचे हात गरम करून देणारा. पोरं मला आजोबा म्हणतात.

पहिल्या फेरीतल्या पोराचा खांदा इथं देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा जपतात. त्यानं करून ठेवलेला चिखल उपसायला कोल्बी. त्याचा खांदा म्हणजे सार्वजनिक नळ, कुणीही यावं आणि सोडावा. पण पोरगं चिवट. पहिल्या वर्षी त्याचा चेंडू बॅटला भेटायलाच निघाल्यासारखा जायचा. दुसऱ्या वर्षी तो शेवटच्या क्षणी बुडायला लागला. तिसऱ्या वर्षी फलंदाज वळून पंचाकडे तक्रार करायला लागले. एवढं होऊनही वरच्या संघाचं बोलावणं आलं नाही. मॅनेजर ओक्सनं स्पष्ट सांगितलं होतं, "ऑगस्टमध्ये वर गेलास तर गेलास. नाहीतर नव्या पोरांना जागा लागते, बाबा."

ऑगस्टातल्या एका रविवारी दुपारी गुथ्रीसाहेब आले. कुणाला वर न्यायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे ठरवणारे. वेग मोजायचं यंत्र घेऊन ते होम प्लेटमागे, फलंदाजाच्या पाठीशी बसले. आले होते अर्थात पहिल्या फेरीतल्या पोरासाठी.

सहाव्या इनिंगला आमच्याकडचा फोन वाजला. ओक्सचा हुकूम: स्ट्रँडला उठवा, हात गरम करायला लावा.

पहिलाच चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये असा फुटला की शेजारी सूर्यफुलाच्या बिया चघळणारा दुसरा राखीव पिचर रेयनाल्दो थुंकायचा थांबला.

"हळू, लेका," मी म्हणालो. "अंग गरम करायचंय फक्त."

"साहेब आलेत, आजोबा."

"साहेब तिकडं आहेत. तू इकडं आहेस."

"आवाज तरी जाईल ना?"

"जातोय की," रेयनाल्दो म्हणाला. "सगळा मका कान देऊन ऐकतोय. त्यालाच विचार, मला कुठं पाठवतोस म्हणून!"

पहिल्या फेरीतला पोरगा कसाबसा सुटला आणि फोन आला, बसवा. पुढच्या इनिंगला पुन्हा उठवा, पुन्हा बसवा. अशा वेळी अर्धा जोर खिशात ठेवायचा, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. कोल्बीही जाणत होता. पण साहेबांची मान चुकून वळली तर, या आशेवर त्यानं एकही चेंडू हातचा राखून टाकला नाही. अख्ख्या जन्मात मी तसले चेंडू पकडले नव्हते. छातीवर येतोय म्हणावं तोवर गुडघ्याशी, जिन्याची पायरी चुकल्यासारखा.

आठव्या इनिंगला तिसऱ्यांदा उठवलं, आणि या वेळी फाटक उघडलं. तो पळत गेला. त्याचा उजवा खांदा थकून झुकलाय हे मला पाठीमागूनच दिसलं. पहिला चेंडू ताटात वाढल्यासारखा मधोमध, फटका. दुसऱ्या फलंदाजाला चार चेंडू बाहेर, तो फुकट चालत पहिल्या बेसवर गेला. तिसऱ्यानं टोलवलेला चेंडू कुंपणावरून थेट आमच्या कोंडवाड्यात, रेयनाल्दोच्या पायाशी पडला. रेयनाल्दोला एरवी जीभ आवरत नाही. आज त्यानं चेंडू उचललासुद्धा नाही.

सामना संपल्यावर मी टोपी काढून साहेबांपुढे उभा राहिलो.

"साहेब, तो आज माझ्याकडे जे टाकत होता ना..."

"किती वेळा उठवलं त्याला?"

"तीनदा."

"आणि तिन्ही वेळा पूर्ण जोरानं?"

वकिली करायला गेलो आणि फिर्यादीचा साक्षीदार होऊन बसलो.

"तीन वर्षांत त्याला एवढंही कळलं नाही," साहेब म्हणाले आणि यंत्र पिशवीत घातलं.

ओक्सच्या खोलीतून कोल्बी लवकरच बाहेर आला. असल्या बोलण्याला वेळ लागत नाही. मी त्याच्या गाडीपाशी गेलो तेव्हा तो किल्ली न फिरवता बसला होता.

"घरी कळवलंस?"

"आईचा फोन आला होता. कसं टाकलंस म्हणाली. चांगलं टाकलं म्हणालो." तो समोरच बघत होता. "टाकलं होतं ना, आजोबा?"

"टाकलं होतंस."

"मग खोटं कुठं बोललो?"

त्यानं गाडी सुरू केली, मैदानाच्या बाहेरच्या फाटकापर्यंत नेली आणि तिथंच थांबवली. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता. मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी ती बराच वेळ कुठंच वळली नाही.