अंगठ्यातला हंडा

नागपूरबाहेर वाडीत महादेवरावांच्या गोदामात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रकवाले, हमाल, त्यांच्या बायका, सगळे माना उंचावून कवडूकडं पाहत होते. आठवड्यापूर्वी हाच कवडू सीताबर्डीला बूट पॉलिश करायचा आणि फुटपाथवर निजायचा, तेव्हा त्याच्याकडं कोणी ढुंकून पाहत नव्हतं. आज मात्र त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळभर कुंकू आणि अंगठ्यावर काळंभोर अंजन होतं.

सुमतीताई गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. बर्डीतल्या बेघर पोरांना त्या रोज झाडाखाली बसवून शिकवायच्या, आधी पोटाला काहीतरी द्यायच्या आणि मग पाटी. कवडू आठवडाभर आला नव्हता. पोरं म्हणाली, "ताई, कवडू देव झाला. वाडीले नेला त्याले." ऐकताच त्या भाकर फडक्यात बांधून निघाल्या होत्या.

"पोरगा पायाळू आहे," मांत्रिक भैरवबाबा सांगत होता. "पायाकडून जन्मलेल्या पोराले जमिनीतलं धन दिसते. काल यानं अंगठ्यात पाहून लोटा दाखवला. जुने शिक्के निघाले का नाही?"

"निघाले," गर्दी म्हणाली.

"तो नुसता बयाना होता. मोठा हंडा खाली आहे, अन् राखणदार त्याच्यावर बसून राहिला. उद्या अमावास्या. त्याले या पोराचं रक्त लागते. थोडंसंच, भिऊ नका."

थोडंसंच म्हणे! सुमतीताईंची नजर कोपऱ्यातल्या नव्या खड्ड्यावर गेली. हंड्यासाठी गोल खड्डा पुरला असता. हा लांबट होता, कवडूच्या उंचीचा.

"महादेवराव, याची माय यालेच आठवत नाही," त्या म्हणाल्या. "मग हा पायाळू हे कोणी पाह्यलं?"

"बाबाले ज्ञान आहे ना, ताई," महादेवराव चाचरत म्हणाले. "अन् लोटा तर निघालाच."

"मग मीही विचारून पाहते."

दाराशी कवडूची पेटी पडली होती. तिच्यातलं काळं पॉलिश त्यांनी त्याच्या दुसऱ्या अंगठ्याला फासलं. विद्या भ्रष्ट होईल म्हणून बाबा ओरडला, पण लोकांना आता मजा वाटू लागली होती.

"कवडू, हंडा दिसते का?"

"दिसते."

"बाजूले रेल्वेचं इंजिन?"

कवडूनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "दिसते."

"इंजिनावर म्हैस?"

"हो ताई. मोठी आहे."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. बाबा म्हणाला, हा पॉलिशचा दोष.

सुमतीताईंना मात्र हसू आलं नाही. समोरच्या मोठ्या माणसाला जे ऐकायचं असेल ते सांगायचं म्हणजे खायला मिळतं, हे फुटपाथवरचं पोर सगळ्यात आधी शिकतं. बिडी सोडली हेही कवडूनं त्यांना असंच तोंडाकडं पाहून सांगितलं होतं.

त्यांनी फडकं सोडून भाकर आणि झुणका त्याच्यापुढं ठेवला. "आधी खा. आता काहीही सांगितलं तरी हे तुझंच."

"उपास मोडला तर राखणदार कोपेल," बाबा पुढं सरसावला.

"खाऊ दे गा लेकराले," प्रयागबाई नावाची म्हातारी हमालीण म्हणाली, आणि त्याच्या आडवी उभी राहिली.

कवडूनं शेवटचा घास गिळला तेव्हा ताईंनी विचारलं, "लोटा कोणी पुरला?"

तो बाबाकडं पाहत राहिला, मग रिकाम्या फडक्याकडं. "बाबानं. खड्डा मी खंदला. म्हणे, विचारलं का दिसते म्हणजो, जिलेबी देईन."

"अन् हा लांब खड्डा?"

"तो बाबानं एकट्यानंच खंदला. मी विचारलं काहून, तर म्हणे उद्या समजन तुले."

बाबा दाराकडं सरकला तसा दोन ड्रायव्हरांनी त्याला धरलं आणि महादेवरावांनी पोलिसांकडं माणूस पिटाळला.

"तुमच्याही घरी लेकरं आहेत," सुमतीताई महादेवरावांना म्हणाल्या. "त्यातलं कोणी पायाळू निघालं नाही. हाच निघाला, कारण उद्या हा दिसला नसता तर विचारायले कोणी येणार नव्हतं."

बाहेर पडताना कवडूनं ताईंचा पदर ओढला. "ताई, म्हैस बरोबर सांगितली ना मी?"

त्याचा अंगठा पुसत त्या म्हणाल्या, "म्हैस नव्हतीच बेटा. दिसत नसलं तर नाही म्हणायचं. जेवण तरीही भेटन."

कवडूला ते शिकायला वेळ लागेल. पण गोदामात जमलेल्या पोटभर जेवलेल्या मोठ्या माणसांना काय झालं होतं? जे दिसत नाही त्याला नाही म्हणा. नाहीतर तुमच्या 'हो'वर कोणाच्या तरी लेकराचा खड्डा खणला जातो.