चाकाला बांधलेलं फडकं

"चाक!" दाद्या म्हणाला.

"दांडा!" जीपच्या पोटाखालून मिस्त्रीचा आवाज आला. दिसत होते ते फक्त त्याचे चिखलानं माखलेले पाय.

"अहो मिस्त्री, गाडी चालवतो मी. आवाज माझ्या बुडाखालून येतो. मागचं चाकच बोलतंय."

"बुडानं ऐकतोस होय रे? मग कान कशाला दिलेत देवानं?"

एरवी यावर सगळी आळी हसली असती. पण त्या सकाळी कुणाच्या ओठांवर हसू आलं नाही. घराच्या पायरीवर दाद्याची बायको बसली होती. नऊ महिने भरलेलं पोट, शेजारी कपड्यांचं गाठोडं. आदल्या दिवशी नर्सबाई पोट चाचपून सांगून गेली होती, "बाळ आडवं झालंय. कळा सुरू व्हायच्या आत खाली इस्पितळात पोचवा. इथं अडलं तर माझ्या हातात काही नाही."

खाली जायचं म्हणजे उतार. आठवडाभराच्या पावसानं तांबडी माती धुऊन नेली होती आणि रस्त्याच्या नुसत्या बरगड्या राहिल्या होत्या. खालची कुठलीच गाडी वर चढत नव्हती. गावात होती ती एवढीच, दाद्याची जुनी जीप. आणि ती परवापासून बोलायला लागली होती. चालताना मागून टक्... टक्... कुणी आतून दार ठोठावावं तसं.

दाद्याची आई दारात उभी होती. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. आक्का देवाची गाणी म्हणायची. तिच्या टाळ्यांच्या ठेक्यावर पन्नास माणसं गायची आणि एकाचाही ताल चुकायचा नाही. गळा देवानं बरा दिला होता, पण ताल मात्र हात सैल सोडून दिला होता. अशी ही आक्का लेकाच्या जीपमध्ये मात्र एकदाही बसली नव्हती. उताराच्या दुसऱ्या वळणाखाली एका ट्रकचा गंजका सांगाडा चाकं वर करून पडला होता. तो पडला त्या दिवशी दरीतून ड्रायव्हरची एकच चप्पल वर आली होती. ती आक्कानं डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून ती खाली जायची ते पायवाटेनं, काठी टेकत.

मिस्त्री सरपटत बाहेर आला. "आक्का, नीट ऐक. मी चाक उचलून हलवलं, ते हलतं. खालचा दांडा हलवला, तोही हलतो. म्हाताऱ्याच्या तोंडातले दात, कुठला दुखतोय ते हलवून कसं कळणार? चाकाचं बेरिंग गेलं असेल तर उतारावर चाक सुटून आपल्या पुढं पळेल. मग आज जायचं नाव काढायचं नाही. पण मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा गेला असेल, तर तो दांडाच सोडून ठेवता येतो. पुढची दोन चाकं ओढतील गाडी. वर चढायला चारही लागतात, उतरायला दोन पुरतात."

"आणि दांडा तसाच ठेवून गेलो तर?"

"उतारावर तुटला तर टोक जमिनीत रुतेल आणि गाडी कोलांटी खाईल."

आक्कानं पदर तोंडाशी धरला.

"मग ओळखायचं कसं?"

"तालावरनं," मिस्त्री म्हणाला. "चाक एकदा फिरतं तेवढ्यात दांडा चार-पाचदा फिरतो. चाकाच्या एका फेऱ्याला एक टक् आला, तर चाक. चार-पाच आले, तर दांडा. मी चाकाला फडकं बांधतो. ते वर आलं की हात वर करीन. दाद्या हळू चालवील. आत बसून आवाजाला टाळी द्यायची ती तू. याला सगळ्या गाडीतून आवाज येतोय, याचं काय धरायचं!"

आक्का चढली. कशी चढली ते तिचं तिलाच ठाऊक. मागच्या फळीवर बसली, समोरचा लोखंडी गज दोन्ही गुडघ्यांत धरला. जीप सपाट गल्लीतून हलली. फडकं खाली गेलं, वर आलं. मिस्त्रीचा हात वर गेला. टाळी. पुन्हा हात, पुन्हा टाळी.

जीप वळून पुन्हा पायरीपाशी येऊन थांबली. "चाक," आक्का म्हणाली.

आणि ते म्हणताक्षणी तिच्या गार पडलेल्या तळव्यांत ऊब आली. चाक म्हणजे आज उतार नाही. ती वळणं नाहीत, तो सांगाडा नाही.

मिस्त्रीनं मान खाली घातली. दाद्या स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. पायरीवरून सून हळूच म्हणाली, "आई."

"काय गं?"

"तुमची टाळी मिस्त्रीमामांच्या हाताबरोबर पडत होती. मी इथून बघत होते. आणि तुम्ही ताल धरता तेव्हा तुमचे डोळे कधी उघडे नसतात."

आक्कानं टाळीचे हात पदरात घेतले.

"मी काही बोल लावत नाहीये," सून म्हणाली. "भीती मलापण वाटतेय. चाक असेल तर चाक. मी राहीन इथंच, देव बघेल. पण एकदा डोळे मिटून सांगा."

भीतीची रीत अशी आहे बघा, ती खोटं बोलायला लावत नाही. ती फक्त आपल्याला हवं ते ऐकू आणते, आणि माणूस शपथेवर सांगतो की हेच ऐकलं. आक्काला ते कळलं आणि उताराहूनही जास्त ती स्वतःच्या कानांना घाबरली.

"दाद्या, परत चालव," ती म्हणाली. मिस्त्रीकडे पाठ केली आणि डोळे घट्ट मिटले. आधी ऐकू आलं ते तिचंच काळीज, धडधड धडधड. ते बाजूला सरेना. तेव्हा ती गुणगुणू लागली. नवरा गेला त्या पहाटेही जे सुटलं नव्हतं तेच गाणं. आवाज कापत होता, पण ताल ठाम होता. हळूहळू त्या तालाच्या कडेनं गाडीचा आवाज येऊन बसला. टक्, टक्, टक्, टक्. तिचे हात आपोआप पडू लागले.

"चार!" मिस्त्री ओरडला. "आणि पाचवा अर्धा पुढच्या फेऱ्यात जातोय. दांडाच आहे! थांब रे!"

आक्कानं डोळे उघडले. तळवे पुन्हा गार झाले होते.

दांडा सोडून जीपमध्ये टाकला. हात पुसत मिस्त्री म्हणाला, "एक मात्र आहे. हँडब्रेक या दांड्यालाच धरतो. दांडा गेला, हँडब्रेक गेला. गाडी उभी केली की मागच्या चाकाला ठोकळा लागला पाहिजे. मी पुढं बसून रस्ता बघणार. मागं कोण?"

आक्कानं लाकडाचा ठोकळा उचलून काखेत धरला. "सुनेचं डोकं तुझ्या मांडीवर ठेवायचं काय? मीच बसते."

उतारावर जीप पहिल्या गिअरमध्ये कण्हत चालली. टक् आवाज आता नव्हता आणि त्याचीच भीती होती. आवाज होता तोवर निदान संकट कुठं बसलंय ते कळत होतं. चाकं तांबड्या चिखलावरून कडेकडेला सरकत होती. सून डोळे मिटून पडली होती. दुसऱ्या वळणावर रस्त्यात दरड आली होती.

"आई, ठोकळा!" दाद्या ओरडला. ब्रेकवर त्यानं सगळा भार दिला होता.

आक्का उतरली. चिखलात घोट्यापर्यंत रुतली. डाव्या हाताला दरी होती आणि दरीत तो सांगाडा. तिनं तिकडं पाहिलं नाही. वाकून ठोकळा चाकापुढं सरकवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. दाद्यानं पाय उचलला. जीप बोटभर पुढं आली, ठोकळा करकरला आणि गाडी थांबली. मिस्त्री आणि दाद्या दगड बाजूला लोटू लागले. तेवढ्यात आतून सुनेचं कण्हणं ऐकू आलं. ओठ दाबून धरलेलं, लांब.

"आई... सुरू झालं वाटतं."

"श्वास घे बाळा," चाकाशी वाकलेली आक्का म्हणाली आणि गाऊ लागली. "माझ्या तालावर घे. लवकर आटपा रे दोघं!"

मग दाद्यानं ब्रेक दाबला, तिनं ठोकळा ओढला, आणि हलत्या जीपमध्ये ती कशी चढली हे पुढं मिस्त्री गावभर सांगायचा. "शेळीसारखी उडी मारली आक्कानं!"

इस्पितळाचं आवार फरसबंदीचं होतं. जीप दारात उभी राहिली, सुनेला स्ट्रेचरवर घेऊन आत नेलं, दाद्या मागं धावला. दार मिटलं.

थोड्या वेळानं मिस्त्री गाडीमागं गेला. आक्का फरशीवर मांडी घालून बसली होती. ठोकळा चाकाखाली होता आणि तिचे दोन्ही हात त्यावर होते.

"आक्का, सोड आता. सपाट आहे. गाडी कुठं जात नाही."

"दिसतंय मला सपाट आहे ते."

"मग?"

"ती बाहेर येईस्तोवर मी हात काढायची नाही," आक्का म्हणाली. "तू बस गुपचूप. मला आतलं ऐकू दे."

आणि तिनं डोळे मिटले.