मामा गट

तलाव स्वच्छ असल्याचा अहवाल मी नऊ वाजता लिहिला. अकरा वाजता त्याच तलावात ताईची पोहण्याची स्पर्धा होती. वर्षभर ती पहाटे उठून तयारी करत होती आणि मलाही झोपू देत नव्हती, म्हणजे त्यात माझीही मेहनत होतीच.

अहवालावर प्रयोगशाळेच्या मॅडमची सही हवी होती. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळांची ऐंशी लॅटिन नावं माझ्या डोक्यात राहीनात, म्हणून मी त्यांचे स्वभावावरून गट पाडले होते. काचेचं कवच मिरवणारी, जड, कुणी ढवळल्याशिवाय वर न येणारी : काका गट. शेपटी हलवत हवं तिथे जाणारी : आत्या गट. ऊन आणि संथ पाणी मिळालं की वर येऊन ऐसपैस पसरणारी, खालच्यांचा उजेड अडवणारी, त्यातली काही चक्क विषारी : मामा गट.

"ही प्रयोगशाळा आहे की लग्नाची यादी?" मॅडम म्हणाल्या. मग चष्मा कपाळावर गेला. "पंधरा दिवस ऊन आहे, वारा नाही. आणि तुझ्याकडे मामा शून्य?"

"नसतील आले."

"असं ऊन सोडून जातील कुठे? मोजलंस कसं?"

"नेहमीसारखं. आयोडीन घातलं, रात्रभर नळीत ठेवलं, तळाशी बसलेलं मोजलं."

बोलता बोलताच मी जीभ चावली. मामा तळाशी बसतच नाहीत, वर तरंगतात!

मी नळीतला अगदी वरचा थेंब काचेवर घेतला. मामाच मामा! घोळक्याने! "सापडले!" मी ओरडलो. मॅडमनी टाळी दिली. त्यांना हसता येतं हे मला तेव्हा कळलं.

मग ताई आठवली. पावणेअकरा! मॅडमनी आयोजकांना फोन लावला, मी सायकल हाणली.

ताई टोपी घालून काठावर उभी होती.

"उतरू नकोस! मामा गट निघाला!"

माझे गट ती रोज जेवताना ऐकायची. तिने मुकाट्याने टोपी काढली. काठाला हिरवट साय धरू लागली होती.

"मामा हलणार कधी?"

"वारा सुटला की. तोवर स्पर्धा पुढे."

झाडाचं पान हलत नव्हतं. ती मला पाण्यात ढकलणार असं वाटलं, पण पाणी आता माझ्याच शोधाने बंद होतं. ताई गुडघ्यांवर बसली, गाल फुगवले आणि तलावावर जोरात फुंकर मारली. साय वीतभर सरकली.

"बघतोस काय? फुंक!"