दादाची आई

शिंपीणबाईनं कोर्टात खरं सांगायचं ठरवलं आणि तिच्या दुकानाची पायरी कुणी चढेनासं झालं. गल्लीतल्या दादानं भर दुपारी बेकरीवाल्याला सळईनं झोडपलं, ते अख्ख्या गल्लीनं पाहिलं होतं. पण पोलिसांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. बोलली ती ही एकटी.

मग दादाची माणसं दुकानासमोर मोटरसायकली लावून बसू लागली. एकदा काच फुटली. त्याच दिवशी तिनं काळजावर दगड ठेवून लेकीला लांब मामाकडे धाडलं. लेक गेली आणि घर खायला उठलं. मशीन चालवता चालवता बाई दाराकडे बघायची, शाळा सुटायची वेळ झाली की जास्तच.

"देवा, तुझ्याशिवाय कोण आहे मला?" ती पुटपुटायची. "पदराखाली घे. जमत नसेल तर तसं सांग तरी!"

देव कुठला सांगतोय.

साक्षीच्या आदल्या दिवशी दादा स्वतः आला. गोड आवाजात म्हणाला, "ताई, उद्या आजारी पडा."

"धडधाकट आहे मी."

"उद्याचं कुणी पाहिलंय?"

तो गेला आणि तिनं शटर खाली ओढलं. तोंडात पदर कोंबून रडली.

सकाळी शटर वर करते तर पायरीवर दादाची म्हातारी आई! बाईनं आधी तिच्या मागे गल्लीत नजर टाकली.

"चल, मीही येते कोर्टात," म्हातारी काठी टेकत उठली. "मला ओलांडून तुला हात लावायची त्याची छाती नाही."

"आजी, पोटचा मुलगा आहे तो तुमचा."

"म्हणून तर. काल तुला घाबरवून आला आणि जेवताना हसत सांगत होता. घास उतरला नाही गं माझ्या घशाखाली."

दोघी हातात हात धरून गल्लीतून निघाल्या. मोटरसायकलवरची माणसं माना खाली घालून बसली. शिंपीणबाईनं साक्ष दिली. पुढे दादा तुरुंगात गेला.

लेक मात्र परीक्षा झाल्याशिवाय येणार नव्हती. संध्याकाळी म्हातारी दुकानात येऊन बसायची, काजं-बटणं करू लागायची. एकदा सुई हातात तशीच धरून म्हणाली, "जेवला असेल का गं तो?"

बाईनं मशीन थांबवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसली.