पुसलेल्या खुणा

तीन आठवडे कारखान्यात वहिनीच्या नावाने शंख चालला होता. सलाइनचा थेंब मोजून देणारा पंप चाचणीच्या खोलीत चालता चालता बंद पडायचा, पडद्यावर 'मेमरीचा ब्लॉक खराब' अशी ओळ यायची, आणि जो तो म्हणायचा, हिने लिहिलेला कर्नल, म्हणजे पंप चालवणारा मूळ प्रोग्रॅमच कच्चा. सगळ्यांत मोठा आवाज जुळणी विभागाच्या प्रमुखाचा, म्हणजे तिच्या सख्ख्या दिराचा. मालकांनीही ठरवून टाकलं, पंप आज हॉस्पिटलांकडे जाऊ द्या, कर्नल मागाहून बदलू.

तिने कर्नलची ओळ न ओळ चाळली होती. आज सकाळी तिने गोदामातून मेमरीची एक कोरी चिप आणली आणि बंद पडलेल्या पंपातल्या चिपशी ताडून पाहिली. कोऱ्या चिपवर अकरा ब्लॉकांना, म्हणजे मेमरीच्या कप्प्यांना, खराबीची खूण होती. ती असायचीच. चिप बनवणारेच तपासून खूण करतात, आणि कर्नल त्या जागा सोडून लिहितो. पंपातल्या चिपवर एकही खूण नव्हती. दुसऱ्या पंपात नाही, तिसऱ्यातही नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक जुळणीच्या टेबलापाशी आली.

"भावजी, प्रोग्रॅम भरण्याआधी चिप पुसता कशी?"

"सक्तीने, अख्खी, खुणांसकट. नाहीतर तुमची चिपची चाचणी खराब ब्लॉक, खराब ब्लॉक करत रडत बसते." तो हसला. "आता बघा, एका झटक्यात पास!"

"विहिरीवरची 'पाणी पिऊ नका' ही पाटी पुसली, की पाणी गोड होतं का हो?"

"वहिनी, हळू. लोक ऐकताहेत."

"तीन आठवडे मला ऐकवत होतात, तेव्हा लोकांचे कान घरी होते?"

त्याचा चेहरा उतरला. "चाळीस पंप गाडीत चढलेत. खुणा परत घाला ना गुपचूप. घरातली गोष्ट आहे."

"कुठल्या घालू? कुठले ब्लॉक होते ते आता कुणालाच ठाऊक नाही. खराब जागी आज लिहिलेलं महिन्याने उडेल, पंप थांबेल, आणि त्याची सुई कुणाच्या तरी हातात असेल!"

तिने दारातूनच ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितलं. मग मालकांना फोन लावून तो दिरापुढे धरला.

"गाडी मी थांबवली. का, ते तुम्ही सांगा."

त्याने फोन हातात घेतला.

"साहेब... कर्नल ठीक आहे. खुणा मी पुसल्या."

फोन ठेवून त्याने तिच्याकडे पाहिलं. "झालं समाधान?"

"नाही. गाडी रिकामी करायची आहे. पहिला खोका तुम्ही उचला."