एकोणसाठ म्हणजे किती

मित्रांनो, माझ्या पाठीवर पांढऱ्या शाईनं 'मालिनी' असं लिहिलेलं आहे. मी तिचा जुना ग्राफिंग कॅल्क्युलेटर. तिनं मला विद्यार्थिनी असताना घेतलं. पुढे ती औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायच्या नोकरीला लागली, तेव्हाही मी टेबलावर असायचोच. "हा मला कधी दगा देत नाही," असं ती म्हणायची.

मग ती आजारी पडली आणि गेली. मी ड्रॉवरमध्ये पडून राहिलो. माझ्या बॅटऱ्या गळल्या.

यंदा तिच्या नवऱ्यानं, प्रल्हादनं, मला बाहेर काढलं आणि व्हिनेगर लावून साफ केलं. कारण त्यांच्या मुलीची, अनिकाची, एपी स्टॅटिस्टिक्सची, म्हणजे अमेरिकेतल्या शाळांत होणारी कॉलेजच्या पातळीची संख्याशास्त्राची परीक्षा होती. शाळेतच दिलेल्या या परीक्षेत पाचपैकी चार मिळाले, तर ती जाणार असलेल्या कॉलेजात पहिला कोर्स न करताच त्याचं क्रेडिट मिळणार होतं. मग ती आईच्याच विषयाच्या वर्गात थेट बसू शकणार होती. तिला तेवढंच हवं होतं.

आई आकडे वाचायची आणि अनिका टाइप करायची, अशी त्या घरातली सरावाची पद्धत. आता प्रल्हाद वाचायला बसला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एका गणिताचं उत्तर तिसऱ्यांदा चुकलं. अनिकानं मला टेबलावर आपटलं.

"आय कान्ट डू धिस, बाबा. मी उद्या जात नाही."

"अगं, हाच बिघडला असेल. नवीन आणतो."

मी बिघडलो नव्हतो. चूक मला दिसत होती, पण मला बोलता येत नाही. मला जे देतात तेच मी मोजतो.

प्रल्हादनं मला उचललं आणि पडद्यावरचे आकडे पुस्तकाशी ताडून पाहिले.

"मी एकोणसाठ म्हटलं. तू एकसष्ट का टाकलंस?"

"एकोण मीन्स वन, राइट? वन अँड सिक्स्टी."

"एकोण म्हणजे एक कमी. साठला एक कमी."

"हू डज दॅट?"

"आम्ही सगळेच करतो."

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आई इंग्लिशमध्ये सांगायची."

"मग मराठी जड जातंय, असं सांगायचंस की."

"आई गेल्यापासून तू पहिल्यांदाच एवढा बोलत होतास. आय डिडन्ट वॉन्ट टू स्टॉप यू."

 प्रल्हादनं पुन्हा पुस्तक उघडलं. "फिफ्टी-नाइन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर परीक्षेला गेलो.  शेजारची मुलं भराभर पुढे जात होती. ती मात्र उत्तर मागण्याआधी प्रत्येक आकडा पुन्हा बघत होती. शेवटचं उत्तर अर्धवट असतानाच वेळ संपला. 

जुलैत निकाल आला. अनिकानं तो फोनवर दोनदा वाचला.

"फोर. क्रेडिट मिळालं, बाबा."

"फोर म्हणजे चारच ना?" प्रल्हादनं विचारलं.

ती हसली. मग दोघंही रडली.

मित्रांनो, वापर नसला की आमच्या बॅटऱ्या काढून ठेवा. उत्तर चुकलं तर आपटू नका, काय टाकलं होतं ते आधी बघा. आणि घरातलं कुणी अडूनही गप्प राहिलं, तर आपण बोललेलं त्याला काय कळलं, तेवढं विचारा.