नऊशे गैरहजर

शिवणवाली पक्षाच्या शाखेची चिटणीस होती, कारण शाखेत वाचता येईल असं अक्षर तिचं एकटीचंच होतं. बैठकीचं टिपण ती लिहायची, सभासदांचं रजिस्टर ती ठेवायची आणि निवडणूक आली की झेंडेही तीच शिवायची. वस्तीतलं प्रसूतिगृह बंद करायचा घाट घातला गेला, तेव्हा बायकांना घेऊन अकरा दिवस त्याच्या पायऱ्यांवर बसली तीही तीच. कुलूप टळलं, पण पालिकेत आपलं माणूस नसेल तर वर्षभरात ते लागणारच होतं. म्हणून शाखेने एकमताने तिचं नाव उमेदवारीसाठी वर पाठवलं. त्याच आठवड्यात तिने स्वतःसाठी निळा कोट शिवला, अर्ज भरायला जाताना घालायला.

वरून नाव आलं ते शाखेच्या अध्यक्षांच्या जावयाचं. अहो, ज्याला प्रसूतिगृह कुठल्या गल्लीत आहे तेही ठाऊक नव्हतं!

अध्यक्ष स्वतः दुकानात आले. "ताई, मनाला लावून घेऊ नकोस. वरचा निर्णय आहे."

"वरच्या बैठकीला कोण होतं?"

"मीच होतो की," ते म्हणाले. मग त्यांची नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली. त्यांनी बाही दोन बोटांत धरून पाहिली. "कापड छान आहे. वाया नको घालवूस. आमच्या लेकीच्या मापाचा करून दे. अर्जाच्या दिवशी नवऱ्याबरोबर ती जाणार आहे."

"बघते," ती म्हणाली, आणि मशीनचं चाक फिरवायला लागली. सुईखाली कापड नव्हतं, हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. नुसती तोंडाला पानं पुसली असती तर ती गप्प बसलीही असती. पण कोट? त्या कोटाने तिच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. या माणसाला धुळीला मिळवायचं, एवढंच तिने ठरवलं.

मशीनचा एक पाय लंगडा होता. त्याखाली वर्षानुवर्षं पक्षाच्या घटनेची पुस्तिका घडी करून ठेवलेली असायची. तिने ती उपसून काढली, झटकली आणि पहिल्यांदाच वाचली. एकतिसावा नियम सांगत होता की उमेदवाराला शाखेच्या सभेने मंजुरी द्यायची आणि सभेला एक तृतीयांश सभासद हजर हवेत. नसतील तर शाखा बरखास्त आणि त्या प्रभागात पक्षाचा उमेदवारच नाही. आजवर ही सभा कागदावरच व्हायची आणि हजेरी तीच लिहायची.

रजिस्टरात बाराशे नावं होती. त्यातली नऊशे खोटी, आणि हे तिच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार? दोन वर्षांपूर्वी, प्रसूतिगृह बंद होणार अशी पहिली कुणकुण लागली तेव्हा, अध्यक्षांनी टेलिफोनची जुनी डिरेक्टरी आणून दिली होती. "सभासद जास्त, तर वरच्या कमिटीत आपले प्रतिनिधी जास्त. मग प्रसूतिगृहाचं कोण ऐकणार नाही?" प्रसूतिगृहासाठी म्हणून तिने बोटं दुखेपर्यंत नावं उतरवली. प्रतिनिधी झाले अध्यक्षांचे भाऊ आणि पुतणे. आणि पायऱ्यांवर तिच्या शेजारी अकरा दिवस बसलेली इस्त्रीवाली सभासद व्हायला आली, तेव्हा तिचा अर्ज अध्यक्षांनी फाडून टाकला. "हिची जीभ फार चालते," म्हणाले.

नुसत्या नियमाने कोणाचं वाकडं होत नाही, हे ती शाखेतच शिकली होती. नियम हवा असणारा माणूस शोधावा लागतो. वरच्या कमिटीत अध्यक्षांकडून हरलेला एक जण टपून बसलेलाच होता. तिने त्याला चार ओळींचं पत्र टाकलं आणि सभेला निरीक्षक येणार हे नक्की झालं.

शाळेच्या हॉलमध्ये दुपारी सभा भरली. डोकी होती दोनशे एकतीस, हवी होती चारशे. अध्यक्ष हार घालून घ्यायला मान पुढे करून बसले होते. निरीक्षकाने चष्मा पुसला आणि रजिस्टर मागितलं.

"हजेरी घेऊ," तो म्हणाला.

एकेक नाव वाचलं जाऊ लागलं. उत्तर येईना. वीस वर्षांपूर्वी वारलेला डॉक्टर गैरहजर. शहर सोडून गेलेली चार कुटुंबं गैरहजर. निरीक्षकाने सायकलच्या दुकानाचं नाव वाचलं तेव्हा मागच्या रांगा हसायला लागल्या. जावई पायाच्या बोटांकडे बघत बसला. अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला, आणि शिवणवाली तो डोळे भरून बघत राहिली. किती गोड वाटलं तिला, काय सांगावं.

"हे अक्षर कोणाचं?" निरीक्षकाने विचारलं.

अध्यक्षांचं बोट लगेच तिच्याकडे गेलं. "चिटणीसबाईंचं. आम्हाला काय कल्पना?"

"माझंच आहे," ती उभी राहून म्हणाली. तिने पिशवीतून डिरेक्टरी काढून टेबलावर ठेवली. पानोपानी लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि समासात अध्यक्षांची सही. "नावं मी लिहिली. निवडून यांनी दिली."

शाखा बरखास्त झाली. अध्यक्षांना पक्षातून काढलं, तिलाही काढलं. दारात त्यांनी तिला गाठलं.

"तुझ्या हाती काय लागलं गं? तूही बुडालीस."

"बुडाले. पण तुम्हाला घेऊन."

दुकानात आली तर इस्त्रीवाली वाट बघत होती. "ताई, अपक्ष उभी राहा. आम्ही सगळ्या आहोत."

"नऊशे खोटी नावं माझ्या हातची आहेत. कुठल्या तोंडाने मतं मागू? तू उभी राहा."

"मी? माझा तर अर्जसुद्धा फाडला त्यांनी."

"म्हणूनच. त्या रजिस्टरात तुझं नाव नाही."

शिवणवालीने खुंटीवरचा कोट काढून तिच्या अंगाला लावून पाहिला. खांद्यात घट्ट होत होता. क्षणभर तिने तो स्वतःच्या छातीशी धरला. मग उलटा केला, ब्लेड घेतलं आणि शिवण उसवायला लागली.

"दोन बोटं सोडावी लागतील," ती म्हणाली. "सकाळी अर्ज भरायला जाताना अध्यक्षांच्या दारावरून जा. सावकाश जा. कोट ओळखतात ते."